१८ लाख सांगून राहिले, आपण किती कमी मागावं? (दारव्हा तालुका, गावठाणातलं घर)

जिनिंगचा_मुनीम

नमस्कार मंडळी. घर घ्यायचं चाललं आहे अन् आता डोकं चालेनासं झालं म्हणून इथं टाकून राहिलो. दारव्हा तालुक्यातलं गाव आहे, नाव नाही सांगत, विकणारे पण मोबाइल वापरतात.

गावठाणातलं घर. नमुना ८ वर जागा दीड हजार फूट. समोर चार खोल्या स्लॅबच्या, २००४ च्या आसपास बांधलेल्या, सपरी (ओसरी) आहे, मागं टिनाचा कोठा, त्याच्यामागं थोडी मोकळी जागा अन् भिंतीला लागून एक कडुनिंब. बोअर आहे, मोटर नाही. घरमालक वारले, आता तीन भाऊ आहेत, मोठे पुण्याला कंपनीत, मधले अमरावतीला, धाकटा गावातच पण त्याने याच्याच बाजूला वेगळं घर बांधलं. हे घर तीनेक वर्षांपासून कुलपात आहे. पुण्याचे भाऊ फोनवर १८ लाख म्हणतात, एक रुपया कमी नाही म्हणतात, अन् कारण काय तर वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे दारव्ह्यावरून जाऊन राहिली, म्हणजे भाव वाढणार. आमच्याच गल्लीत गेल्या वर्षी एक घर ११ ला गेलं असं ऐकलं, त्याला कोठा नव्हता पण बांधकाम याच्यापेक्षा नवं होतं.

माझं बजेट सगळा खर्च धरून १३, लयच ओढलं तर साडेतेरा. त्यात ८-९ लाख कर्ज पगारावर बसेल असं बँकवाला बोलला. सासरे म्हणतात सरळ ८ मागा, ते आपोआप ११ वर येतील. बायको म्हणते ८ म्हटलं तर ते पुढच्या वेळी फोनच उचलणार नाहीत. दलाल म्हणतो १६ च्या खाली तोंडच उघडू नका, पण त्याचे २ टक्के आहेत त्यामुळं त्याच्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते मला समजते. तर पहिला आकडा किती टाकावा? याचा काही हिशोब असते का नुसतंच अंदाजपंचे दाहोदरसे?

वऱ्हाडी_ठेचा

मुनीमजी कायले टेन्शन घेता, ८ म्हना न मोकये व्हा. तीन सालापासून कुलूप हाय म्हंजे गिऱ्हाईक नाई, एवढं साधं हाय. १८ सांगाले काय जाते, सांगनं फुकट हाय. अन् रेल्वेचं तं सांगूच नका, आमच्या इकडं शकुंतला (यवतमाळ-मूर्तिजापूरची जुनी नॅरोगेज गाडी) ब्रॉडगेज होनार होनार म्हनून लोकं कित्येक सालापासून प्लॉटचा भाव वाढवून राह्यले, गाडी नाई आली पन भाव येऊन बसला. नव्या लाइनची गाडी वर्ध्याहून कळंबपर्यंत २०२४ मंदी सुरू झाली, दारव्ह्याले येईन तवा येईन, अन् आली तरी ठेसन तुमच्या गावात हाय काय? नसन तं त्या घराले रेल्वेचा फायदा काय, भोंगा ऐकू येईन रात्री.

८ म्हना. राग आला तं येऊ द्या त्याईले. मे-जूनमंदी बी-बियानं खताले पैसा लागते तवा फोन येतेच.

माहेर_पुसद

ठेचा भाऊ, पुण्याला कंपनीत असणाऱ्या माणसाला पेरणीचं काय हो? त्याचा पगार १ तारखेला जमा होतो, जून असो नाहीतर दिवाळी. पेरणीची घाई असेल तर ती धाकट्याला आहे, आणि तो बाजूलाच राहतो. म्हणजे तिघांपैकी कोणाला पैसा लागतोय ते आधी काढा, कारण भाव सांगणारा एक आणि गरज असणारा दुसरा असं बहुतेक घरात असतं. पुण्यातला १८ म्हणतो कारण त्याला पुण्यातले भाव रोज कानावर पडतात. धाकट्याला माहीत आहे की गल्लीतलं घर ११ ला गेलं.

आणि दादा, तुम्ही तीन भाऊ लिहिले, बहिणी किती ते लिहिलंच नाही. नेहमीचंच आहे हे. एक जरी असली आणि तिची सही नसली तर तुमचा ८ चा आकडा काय आणि १८ चा काय, दोन्ही हवेत. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तेही साफ केलं की वडील २००५ ला जिवंत होते की नव्हते याने फरक पडत नाही. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल तरी मुलगी वारस आहेच. आई असेल तर आईपण. गावात म्हणतात "पोरीला लग्नात दिलं आता तिचं काय", पण दुय्यम निबंधकाकडे तसं चालत नाही, तिथे चाललं तरी पुढं कोर्टात अडकतं.

८ मागण्याबद्दल माझं मत सांगते. तुम्ही घर घेतल्यावर धाकटा तुमचा शेजारी राहणार आहे. त्याच्या बापाच्या घराला तुम्ही चारचौघांत अर्ध्याहून कमी किमतीचं म्हणालात तर पुढं नालीच्या पाण्यावरून, निंबाच्या फांदीवरून तो दरवेळी ते काढेल. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करता येतो कारण सौदा झाला की विकणारा त्याच्या गावी अन् तुम्ही तुमच्या. इथं तसं नाही.

वऱ्हाडी_ठेचा

ताई बरोबर हाय तुमचं, बहिनीचं माह्या ध्यानात नाई आलं. पन ८ वर मी कायम हाय.

मोजपट्टी_५५

मुनीमजी, मी साइटवर सुपरवायझर होतो, आता घरीच आहे, म्हणून थोडं लांब लिहितो. लोक उलटे चालतात, १८ सांगितले तर १८ मधून किती टक्के कमी करायचे ते पाहतात. १८ हा त्यांचा आकडा आहे, त्याला धरायचंच कायले. खालून चढा.

आधी जागा. तुमच्या गावात गावठाणात मोकळी जागा काय फुटानं जाते ते चार लोकांना विचारा, मी समजा ३५० धरतो, तुमचा आकडा वेगळा निघेल. १५०० फुटाचे सव्वापाच लाख. मग बांधकाम. चार खोल्या अन् सपरी म्हणजे ७०० फूट धरू. आज साधं बांधकाम १५०० रुपये फुटानं धरलं तर नवीन बांधायला साडेदहा लाख लागतील, पण हे वीस वर्षांचं आहे, स्लॅबच्या घराला साठ वर्षं आयुष्य धरतात, म्हणजे एक तृतीयांश गेलं, राहिले ७. कोठ्याचे काही धरू नका, टिन भंगारात जाते. झाले सव्वाबारा. आता यातून दुरुस्ती वजा. दुरुस्तीचा आकडा काढल्याशिवाय बोली बोलायला जाऊच नका, कारण तोच एक आकडा असा आहे का जो त्यांना बोट ठेवून दाखवता येते.

अन् तुमच्या भागात काळी माती आहे हे विसरू नका. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, अन् पाया जर मुरमापर्यंत नेला नसेल किंवा प्लिंथ बीम (पायावरची लोखंड-काँक्रीटची पट्टी) नसेल तर भिंत दरवर्षी थोडी थोडी हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग दिसली तर ती नुसती प्लास्टरची नाही, बहुतेक पायाची असते. भेगेत पैसा (एक रुपयाचं नाणं) उभा जाते का पहा. विकणारे नुकतंच पुट्टी-पेंट मारून ठेवतात, म्हणून बाहेरच्या बाजूनं पहा, मागच्या भिंतीला कोणी पेंट मारत नाही. घर मे महिन्यात पाहिलं तर भेगा उघड्या दिसतात अन् ऑगस्टमध्ये पाहिलं तर गळती दिसते, दोन्ही वेळा पाहता आलं तर फार चांगलं. तो कडुनिंब भिंतीला लागून आहे म्हणता, तो भिंतीखालचं पाणी ओढते, त्या बाजूच्या भेगा आधी पहा. न्हाणीचं पाणी पायापाशी मुरते का तेही पहा, एका बाजूनं ओल अन् दुसऱ्या बाजूनं कोरडं असलं का पाया वाकडा बसतेच.

स्लॅबखाली उभं राहून वर पहा, लालसर डाग म्हणजे आत लोखंड गंजून राहिलं. काठीनं ठोका, भद्द आवाज आला तिथं कव्हर (लोखंडावरचा काँक्रीटचा थर) सुटलं. तीन साल बंद घराच्या स्लॅबवर पालापाचोळा साचून पाण्याचा पाइप बुजलेला असते, पाणी तिथंच उभं राहते. एखादा मिस्त्री सोबत घेऊन जा, त्याला दिवसाची मजुरी द्या, अन् दुरुस्तीचा अंदाज कागदावर लिहून घ्या. समजा सव्वा लाख निघाला. सव्वाबारातून सव्वा गेला, राहिले ११. तुमच्या गल्लीत ११ ला गेलं म्हणता, म्हणजे हिशोब जमून राहिला.

हे ११ म्हणजे घराची किंमत झाली, बोली नाही. बोली त्याच्या खाली, पण इतकीच खाली का विचारलं तर कारण सांगता आलं पाहिजे. ८ चं कारण सांगता येते का? मला तरी नाही येत.

अर्जनवीस_दिग्रस

मोजपट्टी काकांनी विटा मोजल्या, मी कागद मोजतो कारण माझं रोजचंच काम आहे, अन् गावठाणातल्या घराची किंमत निम्मी कागदात असते हे लोकांना विक्रीपत्राच्या दिवशी समजते.

पहिलं म्हणजे नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही, तो ग्रामपंचायतीचा घरपट्टी आकारणीचा उतारा आहे, घरपट्टी कोण भरते एवढंच त्यात, अन् क्षेत्रफळ बऱ्याचदा कोण्या जमान्यात पावलानं मोजून लिहिलेलं असते. ड्रोन सर्व्हे झाला असेल (स्वामित्व योजना, २४ एप्रिल २०२० पासून) तर मिळकत पत्रिका निघाली असेल, ती आधी पहा, त्यावर कोणाचं नाव अन् किती चौरस मीटर ते येते, चौरस मीटरला १०.७६ नं गुणा म्हणजे फूट. नमुना ८ वर शेऱ्यात 'अतिक्रमण' असं लिहिलेलं आहे का तेही वाचा, आपल्याकडं ई-क्लासवर (सरकारी चराईच्या जमिनीवर) बांधलेली कितीक घरं नमुना ८ वर चढलेली आहेत अन् लोक ती दाखवून विकतात. यवतमाळ जिल्हा आहे म्हणून हेही सांगतो, मालक आदिवासी असतील अन् घेणारा बिगरआदिवासी असेल तर जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय सौदा धरू नका. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारच्या अटीवर दिलेली जागा) लिहिलं असेल तर तिथंही परवानगीचा विषय येते.

दुसरं, गल्लीतलं घर ११ ला गेलं हे "ऐकलं" म्हणता, ऐकू नका, पहा. नोंदणी विभागाच्या साइटवर फुकट शोध आहे, जिल्हा, तालुका, गाव, वर्ष अन् मिळकत नंबर टाकला का इंडेक्स टू निघते, त्यात मोबदला किती अन् बाजारमूल्य किती दोन्ही लिहिलेलं असते. फक्त हे ध्यानात घ्या का कागदावरचा मोबदला खऱ्या व्यवहारापेक्षा कमी दाखवलेला असू शकते, गावात ते अजून चालू आहे. तरी निदान तळ समजते.

तिसरं, हे कोणी सांगत नाही. किती कमी मागता येईल याला खालूनही एक कुंपण आहे. स्टॅम्प ड्युटी तुमच्या किमतीवर नाही तर रेडीरेकनर (सरकारनं ठरवलेलं बाजारमूल्य) अन् तुमची किंमत यात जे जास्त त्यावर लागते. समजा रेकनरनं घराचं मूल्य ९.५ लाख निघालं अन् तुम्ही भांडून ८ ला घेतलं, तरी ड्युटी साडेनऊवरच. शिवाय इन्कम टॅक्समध्ये असं आहे का रेकनरपेक्षा किंमत ५० हजार किंवा १० टक्के यात जे जास्त त्याहून कमी असेल तर तो सगळा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. म्हणजे ८ ला घेतलं तर वरचा दीड लाख तुमच्या उत्पन्नात. सासरेबुवांना हे सांगा. रेकनरचे दर १ एप्रिलला बदलतात, म्हणून मार्चमध्ये माझ्याकडं बसायला जागा नसते.

खर्च धरा. ग्रामपंचायत हद्दीत ड्युटी अन् वरून जिल्हा परिषदेचा अधिभार, आजचा टक्का दुय्यम निबंधकाकडं विचारून घ्या. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. ११ लाखावर नोंदणी फीच झाली ११ हजार. राहतं घर एकट्या बाईच्या नावानं घेतलं तर ड्युटीत १ टक्का सूट आहे, म्हणजे ११ हजार वाचले, वहिनींच्या नावानं घ्यायचं का विचार करा, पण कर्ज तुमच्या पगारावर आहे तर बँकेला आधी विचारा. वरून सर्च रिपोर्ट, जाहीर नोटीस, वकील, टायपिंग. १३ चं बजेट म्हणजे घराला १२ च समजा. दुरुस्ती पण त्यातच का वेगळी?

चौथं, पुण्याचे साहेब कधीतरी म्हणणारच का कागदावर ८ दाखवू, बाकीचे नगदी द्या. नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्यावर नगदी घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर बसू शकते, अन् तुमचं नुकसान वेगळंच, बँक कर्ज कागदावरच्या आकड्यावर देते. ३० लाखापर्यंतच्या कर्जाला ९० टक्क्यांपर्यंत देता येते पण बँकेचा व्हॅल्युअर जे मूल्य काढेल ते अन् तुमचा करार यात जे कमी त्यावर. अन् गावठाणाचं घर नुसत्या नमुना ८ वर असलं का कितीक बँका हातच लावत नाहीत, म्हणून "८-९ बसेल" हे तोंडी धरू नका, कागद दाखवून विचारा.

आता बोलीचं. मी असता तर एक आकडा नसता दिला, दोन दिले असते. जसं आहे तसं, सह्या-बिह्या आम्ही जमवतो, इतके. अन् तुम्ही सगळे वारस चढवून, बहिणीचं हक्कसोड नाहीतर सही, मिळकत पत्रिका नावावर, घरपट्टी-पाणीपट्टी निल, लाइट बिल निल, सगळं करून दिलं तर इतके. दोन्हीत दीड-दोन लाखाचा फरक ठेवा. मग १८ चं भांडण बाजूला राहते अन् बोलणं कागदावर येते, अन् कागदावर आलं का विकणारा नरम होते कारण त्याला माहीत असते आपले कागद कसे आहेत.

दर्यापूरकर

बोअर आहे म्हणून वर आकडा वाढवू नका, आधी पाणी प्या. आमचा खारपाण पट्टा आहे, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, पूर्णेच्या खोऱ्यात सगळीकडं बोअरला पाणी लागते पण खारं, अन् त्याच पाण्यानं घर बांधलं असलं का भिंतीला गुडघ्याएवढं लोणा लागते, प्लास्टर बोटानं भुरभुर निघते. दारव्ह्याकडं तसं नसेल बहुतेक पण पाहून घ्यायला काय जाते. भाड्यानं मोटर लावून दहा मिनिटं उपसा, उन्हाळ्यात. मोटर नसलेला बोअर म्हणजे जमिनीतलं भोक आहे.

नागपूर_रिटर्न

या सगळ्यापेक्षा बँकेच्या लिलावातलं घर पहा ना, बँकनेट पोर्टलवर यवतमाळ टाकून शोधा, स्वस्तात मिळून जाते, विकणाऱ्याचे नखरे नाहीत.

अर्जनवीस_दिग्रस

नागपूर भाऊ, अर्धंच सांगितलं. लिलावात राखीव किंमत ठरलेली असते, त्याच्या खाली बोलताच येत नाही, कोणी घेतलं नाही तर पुढच्या वेळी बँक ती कमी करते तेवढंच. आधी बहुतेक १० टक्के अनामत, बोली लागली का त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या कामाच्या दिवशी अनामत धरून २५ टक्के, अन् बाकी ७५ पंधरा दिवसांत. मुनीमजीचं कर्जच अजून मंजूर नाही, पंधरा दिवसांत कुठून आणतील? नोटिसीत 'सांकेतिक ताबा' लिहिलं असेल तर घरात जुना मालक राहत असते अन् त्याला बाहेर काढेपर्यंत थांबायचं. पैसा हातात असला तर ठीक आहे, नोकरदाराला अवघड.

जिनिंगचा_मुनीम

मंडळी लय आभार, सगळ्यांचं वाचलं अन् छापून सासऱ्यालाही दिलं, इन्कम टॅक्सचं वाचून ते ८ वरून उतरले. मधल्या दिवसांत जे झालं ते सांगतो.

मिस्त्री घेऊन गेलो. निंबाकडच्या खोलीला खिडकीपासून वर तिरपी भेग आहे, आतून पुट्टी मारलेली पण मागून उघडी, मिस्त्रीनं त्यात करणीचं (थापीचं) पातं घातलं ते अर्धं गेलं. स्लॅब बाकी चांगला निघाला, एका कोपऱ्यात लाल डाग आहे. भेगेचं शिवणकाम, तिकडून प्लिंथ प्रोटेक्शन (पायाच्या बाहेरून काँक्रीटची पट्टी), स्लॅबचं वॉटरप्रूफिंग, न्हाणीचं पाणी दूर काढणं, सगळं मिळून त्यानं एक लाख चाळीस लिहून दिले. निंब तोडायचा का विचारलं तर म्हणे एकदम तोडला तरी माती फुगते, फांद्या छाटा अन् हळूहळू पाहू. (खरं का काय, मोजपट्टी काका सांगतील.)

पण खरी गोष्ट पुढं आहे. ड्रोन सर्व्हे झालेला आहे, मिळकत पत्रिका निघाली, वडिलांच्याच नावानं आहे, अन् क्षेत्र १२२.७ चौरस मीटर. अर्जनवीस भाऊंच्या हिशोबानं गुणलं तर १३२० फूट. नमुना ८ वर १५००. म्हणजे १८० फूट गेलं कुठं? धाकट्याला विचारलं तर तो हसला, म्हणे माझी भिंत थोडी इकडं आली असंल. बहीण एक आहे, दिग्रसला दिली, तिला सौद्याचं कोणी सांगितलंच नव्हतं. आई नाही.

गावठाणाचा भाव आमच्याकडं ३५० च निघाला, काकांचा अंदाज बरोबर. तर जागा ४ लाख ६२ हजार, बांधकाम ७, वजा १ लाख ४०, झाले १० लाख २२ हजार. रेकनर नवीन क्षेत्रावर काढून घेतलं ते साडेआठच्या आसपास आलं. मग दोन आकडे दिले. जसं आहे तसं पावणेदहा, अन् सगळे कागद करून दिले तर सव्वाअकरा. पुण्याच्या भावाला फोनवर नाही बोललो, तिघांना धाकट्याच्या सपरीत बसवलं (मोठे व्हिडिओ कॉलवर), मिस्त्रीचा कागद अन् मिळकत पत्रिका समोर ठेवली. मोठे आधी म्हणे १३२० कसं काय, मीटर चुकीचं आहे, मग धाकट्याकडं पाहून गप्प झाले. शेवटी १८ वरून १५ वर आले, अन् म्हणे याच्या खाली बहिणीला काय द्यायचं.

आता मी वर सरकू का थांबू? अन् सरकलो तर किती?

मोजपट्टी_५५

निंबाचं मिस्त्रीनं बरोबर सांगितलं. मोठं झाड एकाएकी काढलं का जे पाणी ते ओढत होतं ते मातीत राहते अन् काळी माती त्या बाजूनं फुगते. दोन-तीन वर्षांत छाटत छाटत कमी करा.

वर सरकायचं तर लहान पावलानं. पहिल्यांदा पंचवीस हजार, मग त्याहून कमी. पन्नास-पन्नासनं वाढवत गेलात तर त्यांना वाटते अजून पन्नास आहेतच खिशात. अन् ते खाली आल्याशिवाय तुम्ही वर जाऊ नका, आत्ता त्यांची पाळी आहे का तुमची? ते १५ वर येऊन थांबले, म्हणजे तुमची आहे, एकदाच.

वऱ्हाडी_ठेचा

१८० फूट धाकट्यानं खाल्लं अन् भाव मोठा सांगते!! तेच धरा. म्हना भिंत तोडून दे नाईतं ६३ हजार कमी कर.

माहेर_पुसद

भिंत तोडायचं अजिबात काढू नका, शेजार आयुष्यभराचा आहे. पण क्षेत्र मिळकत पत्रिकेप्रमाणेच विक्रीपत्रात लिहा, १५०० लिहू देऊ नका, नाहीतर उद्या तोच म्हणेल तुम्ही माझी जागा घेतली. जमलं तर भूमी अभिलेखची मोजणी टाका, हद्द चौघांसमोर कायम होईल.

बहिणीला काय द्यायचं हा त्यांचा प्रश्न आहे, पण त्यांना त्यातून बाहेर पडायला वाट तुम्ही देऊ शकता. तुमच्या सव्वाअकरामध्येच सांगा की बहिणीचा हिस्सा मी तिच्या खात्यात तिच्या नावानं थेट टाकतो, विक्रीपत्रात ती पण लिहून देणार म्हणून. मग भावांना तिच्यापुढं हात आखडता घ्यायची गरज नाही, आणि ती तुमच्या बाजूनं होते. दिग्रसला जाऊन वहिनींना भेटवा तिच्याशी, बायकाबायकांत पंधरा मिनिटांत कळेल तिला किती अपेक्षा आहे. माझा अंदाज आहे की सौदा तिच्यामुळंच सुटेल. आणि तुमची वरची हद्द आत्ताच कागदावर लिहून ठेवा आणि ती बायकोकडं द्या, बैठकीत चहा झाल्यावर माणूस भलतंच बोलून जातो.

जिनिंगचा_मुनीम

ताई लिहून ठेवली, सव्वाबारा म्हणजे सव्वाबारा, दुरुस्ती पुढच्या दिवाळीनंतर कापसाच्या सीझनचा ओव्हरटाइम आला का करू. आज ११ लाख ५० हजार कळवले, बहिणीच्या खात्याच्या अटीसकट, अन् सांगितलं का पितृपक्ष लागायच्या आत काय ते सांगा, नंतर मग पंधरा दिवस कोणीच हात लावत नाही. मोठे म्हणे १३ करा. मधले काहीच नाही बोलले. रविवारी बायको दिग्रसला जाऊन राहिली.

इसार किती द्यावा हो? ते एक लाख म्हणून राहिले.

अर्जनवीस_दिग्रस

एक लाख कायले, ५१ हजार द्या, चेकनं, अन् इसारपत्रावर तिघा भावांसोबत बहिणीचीही सही असल्याशिवाय देऊच नका. मुदत लिहा, कर्ज मंजूर नाही झालं तर इसार परत हे लिहा, क्षेत्र मिळकत पत्रिकेप्रमाणे हे लिहा. आधी पेपरात जाहीर नोटीस द्या, आक्षेपाची मुदत जाऊ द्या, मग बाकी. विक्रीच्या दिवशी सगळ्यांचे आधार, पॅन, फोटो अन् ओळखीचे दोन साक्षीदार लागतात. पुण्याच्या भावाला यायला जमत नसेल तर त्याचं मुखत्यारपत्र नोंदणीकृतच घ्या, नोटरीवालं चालणार नाही.

अन् १३ वर लगेच हो म्हणू नका. दोन दिवस फोनच करू नका.